गोल बागेचे पत्रे

सहा आठवडे सिस्टर आपल्या दिराशी बोलल्या नव्हत्या. एकाच घरात राहून, एकाच टेबलाशी जेवायला बसून सहा आठवडे न बोलणं म्हणजे काही सोपं काम नाही. पंप बिघडला की दीर आपल्या थोरल्या भावाकडे बघून म्हणायचे, "वहिनींना सांग, उद्या माणूस येईल दुरुस्तीला." आणि सिस्टर नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "त्यांना सांगा, उद्या घरी कोणी नाही." तिघंही एका हाताच्या अंतरावर बसलेले. "मला टपाल खात्यात नोकरी लागल्यासारखं वाटतंय," नवरा एकदा म्हणाला. कोणी हसलं नाही.

भांडणाचं कारण होतं गोल बाग.

सिस्टर बावन्न वर्षांच्या. त्यातली तेवीस वर्षं एकाच प्रसूतिगृहात गेलेली. अठरा खाटांचं, तीन मजल्यांचं साधंसं प्रसूतिगृह. अरुंद गल्ली, गल्लीच्या खालच्या टोकाला बर्फाचा कारखाना, वरच्या टोकाला बाजाराचा मोठा रस्ता, आणि प्रसूतिगृहाच्या बरोबर समोर, गल्ली ओलांडली की बाग. बाग तशी लांबट चौकोनी होती. कधीकाळी मधोमध एक गोल हौद होता, त्याचं नाव बागेला चिकटलं ते चिकटलंच. आत काही फार बघण्यासारखं नव्हतं. विटांची पायवाट, रंग उडालेले बाक, एक नळ, आणि शिरीषाची जुनी, पसरलेली चाळीसेक झाडं.

पण सिस्टरांच्या कामाचा अर्धा भाग त्या बागेत चालायचा. कळा नुकत्या सुरू झालेल्या बाईला त्या सांगायच्या, "झोपून काय करतेस? ऊठ, दोन फेऱ्या मारून ये." मग ती बाई, तिची आई नाहीतर नणंद, अशा दोघी-तिघी सावलीतून हळूहळू चालायच्या. कळ आली की झाडाला धरून थांबायच्या. नातेवाईक बाकांवर बसून डबे खायचे. ज्या बापाला मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसायचं असेल, तोही तिथंच तासभर बसून माणसात यायचा. एखादीचं मूल राहिलं नाही, तर तिच्या माणसांना रडायला तेवढी एकच जागा होती. जिन्यात रडता येत नाही, येणारे-जाणारे मध्ये येतात.

तर या बागेखाली गाड्या ठेवायची दोन मजली जागा करायची आणि वर फरशी घालून "सुशोभित चौक" करायचा, असं नगरपालिकेनं ठरवलं. दीर तिथंच उपअभियंता. बागेचा वापर किती होतो याची पाहणी त्यांच्याकडे आली. त्यांनी तीन दिवस माणसं मोजली. एका वेळी सरासरी अकरा. अहवालात लिहिलं, वापर नगण्य.

सिस्टरांनी तो कागद जेवणाच्या टेबलावर वाचला. भर उन्हाळ्यातले तीन दिवस, वेळ दुपारी बारा ते तीन.

"भावजी, बारा ते तीन कुठल्या बागेत कोण येईल?"

"मला जी वेळ दिली होती, त्या वेळेत मोजलं," दीर म्हणाले. "मी काही मनाची माणसं धरून आणली नाहीत, मनाची सोडलीही नाहीत."

"कुणी दिली वेळ?"

त्यावर ते उठून हात धुवायला गेले. महिनाभरात बागेभोवती दोन पुरुष उंचीचे पत्रे लागले, फाटकाला कुलूप लागलं, बाजाराकडची चौदा झाडं पडली. करवतीचा आवाज पहिल्या दिवशी लेबर रूममध्ये ऐकू आला, आणि त्या संध्याकाळपासून सिस्टरांनी दिराशी बोलणं टाकलं.

आता कळा येणाऱ्या बायका वरच्या मजल्यावरच्या बोळात चालायच्या. अकरा पावलं जायचं, अकरा पावलं यायचं.

*

ज्या दिवशी ते घडलं, तो मंगळवार होता. सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. सिस्टर तिसऱ्या मजल्यावर औषधांच्या कपाटाशी होत्या. आधी डोळ्यांत कांदा चिरल्यासारखं झालं. मग नाकातून थेट कपाळात काहीतरी चढलं, आणि घसा आवळला. पहिल्यांदा त्यांना वाटलं, झाडूवालीनं फिनाइलमध्ये भलतंच काहीतरी मिसळलं. तेवढ्यात खालून वॉर्डातली आया, जिला सगळे अक्का म्हणत, धापा टाकत वर आली.

"बाई, कारखान्यातून धूर निघतोय. पांढरा. लोक पळतायत."

सिस्टरांनी खिडकीतून पाहिलं. तो धूर नव्हता. गल्लीच्या खालच्या टोकाला, दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये कोंडलेलं, दुधात पाणी घातल्यासारखं धुकं वर सरकत येत होतं. त्याच्या पुढे माणसं पळत होती. सगळी एकाच दिशेला, मोठ्या रस्त्याकडे. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो आडवा अडकला होता, त्याच्यामागे रिक्षा, तिच्यामागे हातगाड्या, आणि माणसं त्यांच्यावरून, खालून, मधून घुसत होती.

त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत होता.

"अमोनिया आहे. आमच्या गाड्या निघाल्यात, पण रस्ता जाम आहे. किती पेशंट?"

"नऊ बाळंतिणी, नऊ बाळं, दोन कळा येणाऱ्या. एक अजून टेबलावर."

"वारा कुठून कुठे आहे?"

सिस्टरांनी समोरच्या गच्चीवरचे कपडे पाहिले. "कारखान्याकडून बाजाराकडे."

"मग बाजाराकडे अजिबात जाऊ नका. वायू तुमच्या मागून तिकडेच येणार. वाऱ्याला आडवं निघा, बाजूला, मोकळ्यावर. चादरी ओल्या करून तोंडावर धरा. समोर काही मोकळं आहे का?"

समोर पत्रे होते.

"आहे," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार ढकललं. डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं. "हिला अर्धवट सोडून मला येता येणार नाही. दारं बंद करा, ओले टॉवेल लावा फटींना. मला दहा मिनिटं लागतील. बाकीच्यांना तुम्ही काढा."

तेवीस वर्षांत सिस्टर जिन्यात कधी धावल्या नव्हत्या. त्या दिवशी धावल्या. न्हाणीघरातल्या बादल्यांत चादरी बुचकळून अक्का आणि दोन्ही नर्स एकेकीच्या अंगावर टाकत होत्या. लिफ्टवाला, एक आडदांड, मितभाषी माणूस, एकेक करून स्ट्रेचर खाली उतरवत होता. सातव्या महिन्यात जन्मलेलं, काचेच्या पेटीतलं बाळ अक्कानं पेटीतून काढून सरळ आपल्या छातीशी, पोलक्याच्या आत घेतलं आणि वरून पदर गुंडाळला. "चल रे माझ्या उंदरा," एवढंच म्हणाली आणि जिना उतरू लागली.

सिस्टर सगळ्यांच्या आधी फाटकाशी पोहोचल्या. रखवालदार तिथं उभा होता. साठीचा, अंगात ठेकेदारानं दिलेला ढगळ शर्ट, तोंडाला रुमाल. किल्ली त्याच्या गळ्यात लटकत होती.

"उघड."

"बाई, मला हुकूम नाही. इंजिनिअर साहेबांची चिठ्ठी असल्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही, असं सांगितलंय. गेल्या आठवड्यात दोन पोरं शिरली तर माझा पगार कापला."

"मागे बघ, काय येतंय ते."

त्यानं पाहिलं. त्याचे डोळे आधीच वाहत होते. पण हात किल्लीवर घट्ट. "माझी नोकरी जाईल हो बाई. घरात दुसरं कमावणारं नाही."

सिस्टरांच्या मागे पहिलं स्ट्रेचर रस्त्यात आलं होतं. त्यांच्या मनात आलं, याच्या गळ्यातून किल्ली ओढावी. हात पुढे गेलाही. मग त्यांनी फोन काढला आणि जो नंबर सहा आठवडे लावला नव्हता, तो लावला.

"भावजी, मी बोलतेय."

 पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. "बोला वहिनी."

"कारखान्यातून अमोनिया सुटलाय. बायका-मुलं बागेत न्यायचीत. रखवालदार फाटक उघडत नाही, तुमची चिठ्ठी मागतोय. त्याला सांगा."

"फाटक उघडू नका."

सिस्टरांना ऐकलेलं खरं वाटेना. डोक्यात तिडीक गेली. आता या माणसाचं तोंड जन्मात बघायचं नाही, असं मनाशी म्हणून त्या फोन ठेवणारच होत्या.

"वहिनी, ठेवू नका, ऐका." दीर भरभर बोलत होते. "फाटकाच्या आत चार पावलांवर खड्डा आहे. शनिवारी खणलाय. दोन पुरुष खोल, कठडा नाही. तुम्ही स्ट्रेचर घेऊन, डोळे मिटून, गर्दीनं आत शिरलात तर पहिली चार माणसं खाली जातील. तुम्ही फाटकाकडे तोंड करून उभ्या आहात ना?"

"हो."

"डावीकडे वळा. वीस-पंचवीस पावलांवर विजेचा हिरवा डबा आहे. त्याच्यापुढचे तीन पत्रे खांबाला ठोकलेले नाहीत, नुसते तारेनं बांधलेत. तिथून आत विटांची पायवाट शाबूत आहे, पार मागच्या भिंतीपर्यंत. मध्ये काही नाही. ते पत्रे काढा."

"काढू म्हणता?"

दिरांच्या जवळ कोणीतरी विचारत होतं, कोणाचा फोन आहे, काय काढा म्हणताय. तो आवाज सिस्टरांना स्पष्ट ऐकू आला.

"काढा," दीर म्हणाले. "मी सांगितलं म्हणून सांगा."

सिस्टर रखवालदाराला म्हणाल्या, "साहेबांनी पत्रे काढायला सांगितलेत," आणि उत्तराची वाट न बघता डावीकडे निघाल्या. लिफ्टवाल्याच्या खिशात पक्कड असायचीच, लिफ्ट दिवसाआड रुसायची. त्यानं खालची तार तोडली, मधली तोडली. वरची हाताला येईना. धुकं आता प्रसूतिगृहाच्या पायरीपर्यंत आलं होतं. दुसऱ्या स्ट्रेचरवरची बाई खोकत होती आणि प्रत्येक खोकल्याबरोबर टाक्यांवर हात दाबून विव्हळत होती. लिफ्टवाल्यानं पक्कड फेकून दिली, पत्र्याच्या कडेत दोन्ही हात घातले आणि पाय खांबाला लावून मागे ओढलं. पत्रा वाकला, किंचाळला आणि तारेसकट खाली आला. लिफ्टवाल्याचे तळहात फाटले होते. त्याच हातांनी त्यानं दुसरा पत्रा धरला.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्या पन्नास पावलांतच फरक कळला. घशातला काटा सैल झाला. गल्लीत वायू दोन भिंतींमध्ये अडकून पुढे ढकलला जात होता. इथं वर आभाळ मोकळं होतं, त्यामुळे जेवढा आत शिरे तेवढा पातळ होऊन वर निघून जाई. मागच्या भिंतीजवळची पंचवीस-सव्वीस झाडं तशीच उभी होती. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, अनवाणी पाय ठेवता येणार नाही असं ऊन. त्या झाडांखाली जमीन मात्र थंड होती, पानांनी भरलेली. ओल्या चादरी तिथंच अंथरल्या आणि एकेका बाळंतिणीला खाली ठेवलं. नळ चालू होता, खोदकामाला पाणी लागायचं म्हणून तोडला नव्हता. डोळे धुवायला रांग लागली.

रांग प्रसूतिगृहाचीच राहिली नाही. पत्रे पडलेले पाहून गल्लीतली माणसं वळली. शिंपी आला, मशीनवरचा कपडा गळ्यात तसाच. बालवाडीच्या बाई वीस मुलांना एका दोरीला धरून आल्या. दुकानदार, हमाल, व्हीलचेअरवरचे एक आजोबा, टेम्पो टाकून पळालेला ड्रायव्हर. दोनशे माणसं तरी असतील. डॉक्टरीणबाई सगळ्यांत शेवटी आल्या, शस्त्रक्रिया झालेल्या बाईचं स्ट्रेचर स्वतः ढकलत, सलाइनची बाटली दातांत धरून.

सिस्टरांनी मोजायला सुरुवात केली. बाळंतिणी दहा, कळा येणाऱ्या दोन. बाळं आठ.

त्यांनी पुन्हा मोजलं. टेबलावरच्या बाईचं नवं बाळ धरून दहा हवी होती. ते डॉक्टरीणबाईंबरोबरच्या नर्सकडे होतं, म्हणजे नऊ. एक कमी.

"प्रत्येकीनं आपलं मूल हातात घ्या," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "जिच्याकडे नाही, तिनं हात वर करा."

सात नंबरच्या खाटेवरची मुलगी, विशीतली, पहिलटकरीण, झाडाला टेकून बसली होती. तिनं हात वर केला नाही. ती नुसती बघत राहिली. "सासूबाईंकडे होतं," ती म्हणाली. "त्या खाली दारात घेऊन बसल्या होत्या, वर फार उकडतंय म्हणून. मला वाटलं, त्या आल्या असतील."

सासूबाई बागेत नव्हत्या. म्हणजे त्या पळणाऱ्या गर्दीबरोबर बाजाराकडे गेल्या होत्या. वाऱ्याच्या दिशेनं.

सिस्टर उठल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा दंड धरला. "तुम्ही गेलात तर इथं या दोघींचं कोण बघणार? तिला कोणत्याही क्षणी होईल."

"मग कोण जाणार?"

"मी जातो," मागून कोणीतरी म्हणालं. रखवालदार होता. तोही सगळ्यांमागून आत आलेला, नळाशी उभा. त्यानं आपला ढगळ शर्ट काढला, नळाखाली भिजवला, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळला. "म्हातारी कशी दिसते?"

"हिरवं लुगडं," मुलगी म्हणाली. "पायानं अधू आहेत. जास्त लांब नसतील गेल्या."

तो पत्र्यांच्या भगदाडातून बाहेर पडला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सिस्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मग पाहायचं नाही असं ठरवलं. त्यांनी कळा येणाऱ्या बाईच्या पोटावर हात ठेवला, कळा मोजल्या, अक्काच्या पोलक्यातल्या बाळाचे ओठ पाहिले. गुलाबी होते. टाक्यांवाल्या बाईची पट्टी पाहिली. दर थोड्या वेळानं त्यांचे डोळे भगदाडाकडे जात होते. सात नंबरची मुलगी रडत नव्हती, काही विचारत नव्हती. तिच्या छातीतून दूध यायला लागलं होतं, गाऊनवर दोन ओले डाग वाढत चालले होते, आणि ती ते हातांनी झाकत होती.

बारा वाजायला आले तेव्हा भगदाडात रखवालदार दिसला. उघड्या अंगाचा, वाकलेला. त्याच्या पाठीवर म्हातारी होती. ओला शर्ट त्याच्या तोंडावर नव्हता. तो म्हातारीच्या पोटाशी असलेल्या गाठोड्यावर होता.

सिस्टरांनी गाठोडं उघडलं. बाळ लालभडक झालं होतं आणि भयंकर रागावलं होतं. ते ज्या आवाजात रडत होतं, तो ऐकून सिस्टर तिथंच पायवाटेवर बसल्या.

"बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती," रखवालदार खोकत खोकत म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून. पोराला पोटाखाली घेऊन." पुढे त्याला बोलता येईना. तीन दिवस तो रुग्णालयात होता.

कारखान्याची झडप बंद व्हायला दीड तास लागला. बाजाराच्या रस्त्यावर पन्नासहून जास्त लोक श्वास कोंडून पडले. कारखान्यातला एक कामगार दगावला. प्रसूतिगृहातलं एकही माणूस गेलं नाही. कळा येणाऱ्या दोघींपैकी एकीचं बाळंतपण संध्याकाळी दुसऱ्या दवाखान्यात नीट झालं. दुसरीच्या कळा घाबरून थांबल्या त्या थेट गुरुवारी आल्या.

*

त्या रात्री जेवताना दीर म्हणाले, "सगळे बरे आहेत ना, वहिनी?" आणि सिस्टर म्हणाल्या, "आहेत." नवऱ्यानं दोघांकडे पाहिलं आणि तो खाली मान घालून जेवला. एवढंच.

पण प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. आठव्या दिवशी ठेकेदाराचा अर्ज आला. कामाच्या जागेत बेकायदा प्रवेश, मालाची नासधूस, काम बंद. ते कोणाच्या परवानगीनं झालं, हे ठरवायला चौकशी बसली. साक्षीला सिस्टरांना बोलावलं, रखवालदाराला बोलावलं, आणि दिरांना.

चौकशीच्या सकाळी दीर बूट घालत होते.

"तुम्ही काय सांगणार?" सिस्टरांनी विचारलं.

"जे विचारतील त्याचं उत्तर."

"ते काय विचारणार, हे तुम्हाला माहीत आहे."

दिरांनी बुटाची नाडी दोनदा बांधली. "वहिनी, माझी आठ वर्षं राहिलीत नोकरीची. वरच्या साहेबांच्या समोर बसून मी ते दोन शब्द बोललो. त्यांनी ऐकले. तेव्हापासून ते मला रोज सांगतायत की त्यांनी काहीतरी वेगळं ऐकलं."

नगरपालिकेच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसल्या बसल्या सिस्टरांना काचेच्या दारातून दिसत होतं. त्या वरच्या साहेबांनी, मुख्य अभियंत्यांनी, दिरांना कोपऱ्यात घेतलं होतं, खांद्यावर हात ठेवला होता. हसत होते. दीर हसत नव्हते, पण मान हलवत होते. सिस्टरांना वाटलं, संपलं. हा माणूस आयुष्यभर मान हलवत आलाय, आजही हलवणार.

सिस्टरांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी घडलं तसं सांगितलं. फोन केला, पत्रे काढा म्हणाले, काढले.

"याला पुरावा?" समितीतल्या एकानं विचारलं.

"मी ऐकलं."

"बाई, तुम्ही घाबरलेल्या होत्या. गोंधळ होता. तुम्हाला तसं वाटलं असेल."

"तेवीस वर्षं मी घाबरलेल्या माणसांच्यात काम करते," सिस्टर म्हणाल्या. "कोण काय म्हणालं, ते मला नीट ऐकू येतं."

मग दिरांना विचारलं. मुख्य अभियंताच पुढे होऊन म्हणाले, "तुम्ही त्यांना फक्त खड्ड्याबद्दल सावध केलंत, बरोबर? पत्रे काढण्याचा आदेश दिला नाहीत."

दीर उभे होते. त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं, पण पाणी घेतलं नाही.

"आदेश दिला," ते म्हणाले. "मी म्हणालो, काढा. आणि म्हणालो, मी सांगितलं म्हणून सांगा. रखवालदाराचा आणि यांचा काही दोष नाही."

"तुम्हाला तो अधिकार होता?"

"नव्हता."

 कोणीतरी कागद चाळला. सिस्टरांना वाटलं, आता भावजी बसतील. दीर बसले नाहीत.

"अजून एक लिहून घ्या," ते म्हणाले. "बागेच्या वापराची पाहणी मी केली. दुपारी बारा ते तीन. ती वेळ मला तोंडी सांगण्यात आली होती. कमी माणसं दिसावीत म्हणूनच ती ठरवली होती, हे मला तेव्हाच माहीत होतं. तो अहवाल मी केला, सही माझी आहे, आणि तो खोटा आहे."

"वेळ कोणी सांगितली?"

दिरांनी मुख्य अभियंत्यांकडे नुसतं पाहिलं. नाव घ्यायची गरज पडली नाही. मुख्य अभियंत्यांचं हसू पुसलं गेलं होतं, आणि ते खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघत होते.

बाहेर आल्यावर दोघं पायऱ्यांवर थांबले. दिरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"इतक्या दिवसांत का नाही सांगितलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्ही बोलत होतात कुठे माझ्याशी?" दीर म्हणाले. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "नाही, ते खरं नाही. तुम्ही बोलला असतात तरी सांगितलं नसतं. मला वाटत होतं, एक बाग तर आहे. माणसं दुसरीकडे बसतील."

महिन्याभरात त्यांची बदली झाली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याचे मीटर तपासायच्या विभागात. पगारवाढ रोखली. मुख्य अभियंत्यांना काही झालं नाही, ते वेळेवर, हारतुऱ्यांसह निवृत्त झाले. नवी पाहणी झाली, सकाळी सहा ते रात्री आठ, सात दिवस, पत्रे काढून. गाड्यांची जागा बाजारामागच्या पडक्या गोदामाकडे हलली. पडलेली चौदा झाडं पडलेलीच राहिली. तिथं रोपं लावली आहेत, पण त्यांची सावली पडेपर्यंत त्या दिवशीची बाळं मोठी होऊन कामाला लागतील.

बदलीच्या पहिल्या दिवशी दिरांना साडेसहाची बस धरायची होती. सिस्टरांची पाळी सात वाजता. दोघं बरोबरच घराबाहेर पडले.

"दोन बस बदलाव्या लागतात?" सिस्टरांनी विचारलं.

"तीन," दीर म्हणाले. "शेवटची अर्ध्या तासानं एक."

"मग रोज एवढ्या लवकर."

"हो. आता रोज एवढ्या लवकर."

बस आली. ते चढले, खिडकीजवळ जागा मिळाली का ते सिस्टरांनी पाहिलं. मिळाली होती. मग त्या आपल्या कामावर गेल्या.